विश्लेषण : हक्काचा मतदार दुरावतो कसा? अचलपूरचा निकाल काय सांगतो?

सलग चार निवडणुका आणि एकच आमदार. परतवाडा-अचलपूर या जुळ्या शहरांत आणि चांदूर बाजारच्या खेड्यांत ‘आपला भिडू, बच्चू कडू’ ही घोषणा घरच्या माणसाबद्दल बोलावे तशी दिली जायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच अचलपूर मतदारसंघात भाजपचे प्रवीण तायडे यांनी कडू यांचा सुमारे १२ हजार मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये कडू यांना सुमारे ८१ हजार मते होती, २०२४ मध्ये ती ६६ हजारांवर आली. पाच वर्षांत सुमारे १५ हजार मते कमी होतात, तेव्हा त्यात केवळ कुंपणावरचे मतदार नसतात. वर्षानुवर्षे पाठीशी राहिलेलेही असतात.

हे नाते कशावर उभे होते?

बच्चू कडू २००४ मध्ये पहिल्यांदा अपक्ष म्हणून निवडून आले. पुढे प्रहार जनशक्ती पक्ष उभा राहिला, तरी मतदारांच्या लेखी पक्ष म्हणजे बच्चूभाऊच. पाण्याच्या टाकीवर चढून केलेली आंदोलने, अधिकाऱ्यांशी खडाजंगी, रक्तदान शिबिरे, दिव्यांग आणि निराधारांची रखडलेली कामे यांतून हा मतदार जोडला गेला. त्याला जाहीरनामा पाठ नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. काँग्रेस आणि भाजप या दोन्ही मोठ्या पक्षांना न जुमानणारा आपला माणूस मुंबईत आहे, एवढा हिशेब त्याला पुरे होता. थोडक्यात, ‘कोणाच्याही दावणीला न बांधलेला’ हीच या पक्षाची विचारधारा होती. पुढे जे बिनसले ते नेमके याच ठिकाणी.

पाच वर्षांत काय काय बदलले?

२०१९ मध्ये प्रहारचे दोन आमदार निवडून आले, अचलपूर आणि मेळघाट. कडू यांनी शिवसेनेला पाठिंबा दिला, महाविकास आघाडी सरकारमध्ये ते राज्यमंत्री झाले आणि अकोल्याचे पालकमंत्रीही. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडात ते गुवाहाटीला गेले. नव्या सरकारच्या ९ ऑगस्टच्या पहिल्या विस्तारात त्यांना मंत्रिपद मिळाले नाही आणि त्यांनी नाराजी लपवली नाही. त्याच वर्षी आमदार रवी राणा यांनी ‘खोक्यां’चा आरोप केला. कडू यांनी तो ठामपणे फेटाळला, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या मध्यस्थीनंतर राणा यांनी शब्द मागे घेतले. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्यासाठीच आपण गेलो असे कडू सांगत राहिले.

मग लोकसभा २०२४. प्रहार महायुतीत, पण अमरावतीत महायुतीच्या नवनीत राणा यांच्या विरोधात प्रहारचे दिनेश बूब उभे. बूब यांनी सुमारे ८५ हजार मते घेतली आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे १९ हजार ७३१ मतांनी जिंकले. विधानसभेच्या तोंडावर राजू शेट्टी आणि संभाजीराजे छत्रपती यांच्यासोबत ‘परिवर्तन महाशक्ती’ ही तिसरी आघाडी. यातील प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळचे कारण आहे. पण पारावर बसलेल्या कार्यकर्त्याला ही सगळी कारणे एकापाठोपाठ एक, त्याच माणसांना समजावून सांगायची होती. काल ज्यांच्या विरोधात भांडलो, त्यांच्याच बाजूने आज बोलायचे, आणि उद्या पुन्हा उलट. असा कार्यकर्ता एका मर्यादेनंतर भांडणे सोडून देतो. तो दुसऱ्या पक्षात जातोच असे नाही, पण शेजाऱ्याला मतदानाला घेऊन जायला उठत नाही.

कायदा मतदाराच्या बाजूने आहे का?

फारसा नाही. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेले दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आमदाराला पक्षाशी बांधतो, मतदाराशी नाही. आमदाराने पक्ष सोडला तर अपात्रतेचा प्रश्न येतो. मात्र अख्खा पक्षच एका आघाडीतून दुसरीकडे गेला तर कायद्याला काही म्हणायचे नसते. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, तरी २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटायची ती फुटलीच. ‘खरा पक्ष कोणता’ हे निवडणूक आयोगाने आणि विधानसभा अध्यक्षांनी ठरवले. धनुष्यबाणाला किंवा घड्याळाला वर्षानुवर्षे मत देणाऱ्याला कोणी विचारले नाही.

आमदाराला परत बोलावण्याची तरतूद आपल्याकडे नाही. ‘नोटा’ २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला, पण विधानसभेत त्याला सर्वाधिक मते पडली तरी पुढचा उमेदवारच विजयी ठरतो. राहिला पक्षांतर्गत मार्ग. एका नेत्याभोवती उभ्या राहिलेल्या पक्षात तक्रार करायची ती त्याच नेत्याकडे!

मग नाराज मतदार काय करतो?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या पुस्तकात यावर एक सोपी मांडणी केली होती. संस्था किंवा पक्ष घसरू लागला की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा आत राहून बोलणे. निष्ठा असेल तर माणूस सोडून जाणे लांबवतो, बोलून पाहतो. बोलण्याला जागाच नसेल तर निष्ठावान माणूस बराच काळ गप्प बसतो आणि मग एकदम जातो. नेत्याला हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण सभेला गर्दी तीच असते.

सगळे खापर नाराजीवर फोडता येईल?

नाही, आणि तसे करणे घाईचे ठरेल. मत का दिले हे ईव्हीएम सांगत नाही. २०२४ मध्ये राज्यभर महायुतीची लाट होती, भाजपने एकट्याने १३२ जागा जिंकल्या. अमरावती जिल्ह्यात तिवशातून काँग्रेसच्या यशोमती ठाकूरही हरल्या. लाडकी बहीण योजनेचा परिणाम होता, अचलपुरात तिरंगी लढत होती. शिवाय वीस वर्षे एकच आमदार असला की स्थानिक दुखणी त्याच्याच खाती जमा होतात, मग ती त्याच्या हातातली असोत वा नसोत. करोनाकाळापासून बंद पडलेली फिनले मिल केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाची, रखडलेली मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वेही केंद्राच्या हातातली. जाब मात्र आमदाराला.

पराभवानंतर काय?

कडू पुन्हा रस्त्यावर उतरले. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीत शेतकरी कर्जमाफीसाठी अन्नत्याग आंदोलन, ऑक्टोबरच्या अखेरीस नागपुरात ट्रॅक्टर मोर्चा आणि महामार्ग रोखणे. त्यानंतर सरकारला ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीच्या निर्णयाची मुदत जाहीर करावी लागली. विरोधी बाकावर नसताना, आमदारकी नसताना मिळालेला हा प्रतिसाद २००४ च्या आधीच्या बच्चूभाऊंची आठवण करून देणारा होता. मात्र मोर्चात आलेला शेतकरी यवतमाळचा होता, वर्ध्याचाही होता. अचलपूरच्या यादीतली ती १५ हजार मते परत आली का, याचा हिशेब विधानसभेच्या पुढच्या निवडणुकीतच लागेल.