विजयाबाई आणि मुरूडचा गुलाबराव
अलिबागला अखेरची वर्षं घालवणाऱ्या दुर्गाबाई खोटे यांची सून. रंगकर्मी विजया मेहता यांची ही ओळख आज फारशी कोणाला आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. त्यांनी स्वतःचं घराणंच उभं केलं!

1934 साली बडोद्यात जन्मलेल्या विजयाबाई नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या तालमीत तयार झाल्या. 1960 मध्ये तेंडुलकर, लागू, अरविंद देशपांडे अशा मंडळींसह त्यांनी 'रंगायन' उभी केली. गल्ल्यापेक्षा प्रयोगाला महत्त्व देणारी ही संस्था. आयनेस्कोच्या 'खुर्च्या' मराठीत मांडल्या त्या हिनेच. 1967 मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आलं तेही रंगायनचंच, दिग्दर्शक अरविंद देशपांडे.

पुढे बाई व्यावसायिक रंगभूमीवर आल्या, पण कस सोडला नाही. 'बॅरिस्टर' नाटकात दिग्दर्शनही त्यांचं आणि मावशीची भूमिकाही त्यांचीच.

आता आपल्या रायगडचा धागा. मुरूडचा नाना पाटेकर! 'हमीदाबाईची कोठी' या नाटकात बाईंनी त्याला घेतलं. मग नाटककार दळवींच्या 'पुरुष'मधला गुलाबरावही त्यानेच केला. सिनेमाने त्याला नाव दिलं खरं, पण त्याच्या अभिनयातल्या धगीला आकार तालमीत आला, असं माझं मत.

जर्मन नटांना घेऊन 'शाकुंतल' बसवणाऱ्या या बाईंचं 'झिम्मा' हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.