मातीचे मुद्दल आणि खारफुटीचा हिशेब

उत्पन्नातून केलेला खर्च आणि मुद्दल मोडून केलेला खर्च वरकरणी सारखेच दिसतात. त्यांतील भेद हिशेबाची वही उघडल्यावाचून कळत नाही. मातीतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचेही तसेच आहे. गतवर्षी गळालेले पान कुजून निघालेला वायू आणि हजारो वर्षे जमिनीत दबून राहिलेल्या अवशेषांतून निघालेला वायू, दोहोंना रंग नाही की गंध नाही. परंतु पहिला नव्या पालवीत पुन्हा शोषला जाण्याचा संभव असतो. दुसरा म्हणजे जुनी ठेव मोडून वातावरणात टाकलेली भर होय.

हा भेद दाखविणारी वही निसर्गानेच लिहून ठेवली आहे. विश्वकिरणांमुळे वातावरणात अत्यल्प किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो. जिवंत वनस्पती तो शोषतात. मृत्यूनंतर पुरवठा खुंटतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. या तत्त्वावर विलार्ड लिबी यांनी १९४९ साली कालमापनाची पद्धत सिद्ध केली व १९६० चे नोबेल पारितोषिक मिळविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात याच पद्धतीने भारतातील प्राचीन वसाहतींची वये ठरविली गेली. उत्खननातील कोळशाला जी कसोटी लागू पडते, तीच मातीतून निघणाऱ्या वायूलाही लागू पडते.

ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशात ती लावून पाहण्यात आली. तेथील गोठलेल्या जमिनींत वातावरणातील कार्बनच्या जवळजवळ दुप्पट कार्बन साठलेला आहे. अलास्कातील अशा जमिनीवर एडवर्ड शूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडच्या पंधरा वर्षांत बर्फ वितळलेल्या जागी जुन्या कार्बनची घट फारशा न वितळलेल्या जागेपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक होती. तरीही नव्या हिरवळीने ती भरून काढली. जेथे वितळणे काही दशकांपूर्वीच सुरू झाले होते, तेथे मात्र ही घट ७८ टक्क्यांनी अधिक भरली आणि वाढलेल्या हिरवळीलाही ती भरून काढता आली नाही. जमीन हिरवी दिसत होती, मुद्दल मात्र संपत होते.

नवी मुंबईकरांनी या दूरच्या गोष्टीकडे लक्ष का द्यावे? कारण ठाणे आणि पनवेलच्या खाडीकाठी खारफुटीखालचा चिखल हीही अशीच ठेव आहे. टुंड्रात तिला थंडीचे कुलूप आहे, येथे पाण्याचे. भरती-ओहोटीने भिजलेल्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून मुळे-पाने पूर्णपणे कुजत नाहीत. बांध घालून भरतीचे पाणी तोडले, अथवा चिखल उकरून उघड्यावर टाकला, की कुलूप निघते.

मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खारफुटीच्या तोडीला राज्यभर मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामांसाठी न्यायालयाच्या परवानगीची वाट तेवढी मोकळी ठेवली. शहराला पूल, रस्ते, लोहमार्ग लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न किमतीचा आहे. परवानगीच्या कागदांत किती झाडे तुटणार आणि बदल्यात किती रोपे लावणार, याचा आकडा असतो. हा हिशेब खोटा नसला तरी अपुरा आहे. रोप काही वर्षांत वाढेल. पण शतकानुशतके साचलेला चिखल कोणत्या रोपवाटिकेत मिळणार?

म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत, पाणी तुटणाऱ्या वा उकरल्या जाणाऱ्या चिखलात किती खोलीपर्यंत किती कार्बन आहे आणि तो किती जुना आहे, याची नोंद सक्तीची करावी. मोजणीचे शास्त्र उपलब्ध आहे आणि प्रकल्पांच्या खर्चापुढे तिचा खर्च क्षुल्लक ठरेल. त्यानंतरही एखादा पूल आवश्यक ठरला तर तो अवश्य बांधावा. परंतु त्यासाठी कोणती ठेव मोडली, हे जमाखर्चात दिसले पाहिजे. मुद्दलाचा खर्च उत्पन्नाच्या रकान्यात मांडणाऱ्या पेढीवर आपण विश्वास ठेवत नाही. शासनानेही तसा ताळेबंद नागरिकांपुढे ठेवू नये.