गुडघा बदलला, सायकल सोडावी का?

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया आता आपल्या समाजात नवलाची राहिलेली नाही. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा पेढीपेढीवर त्याची चर्चा झाली होती. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने किमतींवर मर्यादा घातली आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची दीड लाखावर गेलेली सरासरी किंमत ५४,७२० रुपये अधिक कर इतकी खाली आली. पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी भारतीयांची गरज ओळखून ‘इंडस’ हा देशी सांधा विकसित केला, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. शस्त्रक्रियेनंतर मात्र घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : ‘आता आराम करा.’

नव्या गुडघ्याने काही गोष्टी दुरावतात, हे खरेच. पेढीच्या गादीवर मांडी घालून बसणे अवघड होते. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक खुर्चीवर करावे लागते. खमासमण देताना गुडघे भूमीला टेकवता येत नाहीत. ज्यांनी जन्मभर ही क्रिया विधिपूर्वक केली, त्यांचे हे दुःख हलके लेखू नये. परंतु याच दुःखाच्या भरात सायकलही गेली असे आपण गृहीत धरतो, आणि तेथे हिशेब चुकतो.

जर्मनीतील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच मापक बसवून त्यावरील भार मोजला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना तिपटीहून अधिक. हलक्या गतीने सायकल चालवताना तो वजनाइतका किंवा थोडा अधिक, एवढाच असतो; कारण शरीराचे बरेचसे ओझे सीट वाहते. म्हणजे दिवसातून चार वेळा जिना चढउतार करणाऱ्या आजोबांना सायकलपासून रोखणे हा उफराटा व्यवहार झाला.

खरा प्रश्न गुडघा किती वाकतो हा आहे. पायडलची पूर्ण फेरी घेण्यास साधारण १०५ ते ११० अंश वाकणे लागते. माझा उजवा गुडघा बदलल्यावर पहिले काही आठवडे घरातील स्थिर सायकलवर फेरी पूर्ण होत नसे. पाळण्यासारखा पाय पुढे-मागे झुलवायचा, सीट नेहमीपेक्षा उंच ठेवायची आणि अंगाला झटका द्यायचा नाही, हा फिजिओथेरपिस्टचा दंडक. मग एके दिवशी फेरी आधी उलट्या दिशेने पूर्ण झाली आणि दोन दिवसांनी सुलट्या. त्या दिवशीचा आनंद बढतीच्या पत्राहून कमी नव्हता. सामान्यतः स्थिर सायकल दोन ते सहा आठवड्यांत आणि रस्ता सुमारे तीन महिन्यांनी, तोही जखम पूर्ण भरल्यावर व शल्यचिकित्सकांच्या संमतीने. ही विचारणा शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी.

मुलांचा आक्षेप असतो : ‘बाबा, पडलात तर?’ तो रास्त आहे. पायडल मारण्याने नव्या सांध्याचे सहसा बिघडत नाही. पडल्याने सांध्यालगतचे हाड मोडू शकते, आणि ते दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड. त्यामुळे काळजी घ्यायची ती चढता-उतरताना. आडवी दांडी नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती घ्यावी. पुरुषांना तिचा संकोच वाटतो. गुडघ्याला वाटत नाही. थांबताना चांगला पाय आधी टेकवावा, चढावर हलका गिअर टाकावा, सीटवरून उठून जोर लावू नये.

आणखी एक. आपल्या घरांतील दुखरे गुडघे अधिक करून स्त्रियांचेच आहेत. शस्त्रक्रियेनंतर त्यांना स्वयंपाकघरात उभे राहण्यापुरते बरे केले की आपण समाधान मानतो. त्यांच्यासाठी सायकलचा विचार कोणी करत नाही. साठीच्या सासूबाई सायकलवरून स्थानकात निघाल्या तर लोक हसतील. चार दिवस हसतील.

आमचा मावळ या कामी सोयीचा आहे. वडगावहून लोणावळ्यापर्यंतचे सुमारे पंचवीस किलोमीटर इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातात, आणि कामशेतची खिंड सोडली तर चढ बेताचा. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा अशी लोकलची स्थानके रस्त्याच्या आसपासच असल्याने दमलेल्या माणसाला परतीची चिंता नाही. सायकल ओळखीच्या दुकानात ठेवावी आणि गाडीत बसावे. जुन्या महामार्गावर शनिवार-रविवारी मात्र जाऊ नये. पर्यटकांच्या मोटारींना म्हाताऱ्याची सायकल दिसत नाही. सुरुवात गावांतल्या रस्त्यांवर, भातखाचरांच्या कडेने करावी. पावसाळ्यात येथे रस्त्यावर शेवाळ धरते. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. नव्या गुडघ्याच्या श्रावकानेही तेवढे महिने घरातल्या स्थिर सायकलवर काढावेत आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर बाहेर पडावे.

मी सध्या आठवड्यातून तीनदा निघतो, पंधरा किलोमीटरच्या आत. कामशेत परिसरातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक प्राचीन लेणे आहे. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी अभ्यासला. तो अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो आणि लेणे व पाण्याची पोढी खोदविल्याची नोंद देतो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा तो अतिप्राचीन पुरावा मानला जातो. गावापर्यंत सायकल जाते. वरची चढण पायी करायची, तिची परवानगी डॉक्टरांकडे मागायची आहे.