कुलूप घातलेलें पुस्तक

दुकानांतून पुस्तक विकत आणलें म्हणजे तें आपलें झालें. तें स्नेह्यास वाचावयास द्यावें, समासांत टिपणें करावीं, मुलाबाळांसाठीं ठेवून जावें. दुकानदार रात्रीं घरांत शिरून तें उचलून नेत नाहीं. ई-पुस्तकाविषयीं मात्र अशी खात्री देतां येत नाहीं.

सन २००९ च्या जुलै महिन्यांतील अमेरिकेची हकीकत पाहा. ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' व 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या प्रती आपल्या किंडल नामक वाचनयंत्रासाठीं विकल्या होत्या. ज्यानें त्या विक्रीस ठेविल्या त्याजपाशीं हक्कच नव्हते, असें मागाहून उघडकीस आलें. तेव्हां कंपनीनें पैसे परत केले आणि ग्राहकांच्या यंत्रांतून पुस्तकें दुरूनच पुसून टाकिलीं. मिशिगनमधील एक शाळकरी विद्यार्थी त्यांपैकीं पहिलें पुस्तक अभ्यासासाठीं वाचीत होता. त्याचीं टिपणें राहिलीं, परंतु तीं ज्या मजकुरास अनुलक्षून होतीं तो मजकूरच गेला. त्यानें फिर्याद केली. कंपनीच्या प्रमुखांनींही जाहीर क्षमा मागितली. जुने कागद गुपचूप नाहींसे करणाऱ्या राजसत्तेचेंच चित्र त्या कादंबरींत आहे, हा योग चमत्कारिकच!

अशा पुस्तकाचा मजकूर सांकेतिक रूपांत बंद केलेला असतो. त्याची किल्ली विक्रेत्याच्या हातीं असते व ग्राहकाच्या नांवें नोंदलेल्या यंत्रावरच ती चालते. आपण पैसे देऊन घेतों तो बहुधा वाचण्याचा परवाना, पुस्तक नव्हे. मायक्रोसॉफ्टनें २०१९ मध्यें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हां लोकांनीं घेतलेलीं पुस्तकेंही उघडेनाशीं झालीं. पैसे तेवढे परत मिळाले.

कुलूप घालणाऱ्यांची बाजू आम्ही हलकी लेखीत नाहीं. येथें एका क्षणांत हजार प्रती निघतात आणि लेखकाच्या पदरीं कांहीं पडत नाहीं. दुसऱ्याची उत्तरपत्रिका उतरून काढणाऱ्यास आम्ही वर्गांत क्षमा करीत नाहीं, तर येथें कशी करावी? परंतु चोर कुलूप फोडलेली प्रत दुसरीकडून मिळवितो. अडतो तो पैसे देणारा. टॉर या प्रकाशनसंस्थेनें २०१२ मध्यें कुलपें काढून टाकिलीं. चोरींत लक्षांत येण्याजोगी वाढ झाली नाहीं, असें तिच्या इंग्लंडमधील शाखेनें पुढील वर्षीं सांगितलें.

आपल्या देशांत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं कलम ६५-ए घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. कायद्यास संमत अशा कामासाठीं मोडल्यास नाहीं. अंध विद्यार्थ्यासाठीं ऐकतां येईल अशी प्रत करणें हें संमत कामांपैकींच होय. मात्र त्यासाठीं कुलूप उघडून देणाऱ्यानें त्या विद्यार्थ्याचें नांव, पत्ता व सर्व तपशील लिहून ठेवावयाचा असतो. छापील पुस्तक मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या शेजाऱ्यास अशी वही ठेवावी लागत नाहीं.