आपणच आपली ग्वाही : स्वस्वाक्षरित प्रमाणपत्राची गोष्ट

संगणकावर जावा ही भाषा बसवली की तिच्यासोबत 'कीटूल' नावाचे एक छोटे साधन येते. त्याला एक आज्ञा द्यावी, नाव, संस्था, शहर अशा चार-सहा प्रश्नांची उत्तरे टंकावीत, की क्षणार्धात त्या नावाचे डिजिटल प्रमाणपत्र तयार होते. ना अर्ज, ना शुल्क, ना कुणाची मंजुरी. नावाच्या जागी एखाद्या नामांकित बँकेचे नाव लिहिले तरी साधन हरकत घेत नाही. मग अशा प्रमाणपत्राला किंमत ती काय, असा प्रश्न साहजिकच पडतो.

या प्रमाणपत्राच्या मुळाशी असते ती किल्ल्यांची जोडी. खासगी किल्ली मालकाने कुणालाही द्यायची नाही. जाहीर किल्ली हवी त्याला वाटायची. जाहीर किल्लीने कुलूपबंद केलेला मजकूर फक्त खासगी किल्लीने उघडतो आणि खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी जाहीर किल्लीने तपासता येते. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतील 'एमआयटी'त शोधलेली आणि त्यांच्याच आद्याक्षरांनी 'आरएसए' म्हणून ओळखली जाणारी पद्धत आजही सर्रास वापरात आहे. तिच्यात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करतात. गुणाकार जाहीर होतो, मूळ संख्या गुप्त राहतात. २०४८ बिटांच्या किल्लीत हा गुणाकार ६१७ अंकी असतो, तर त्यातील प्रत्येक मूळ संख्या ३०९ अंकी. एवढ्या गुणाकारावरून अवयव शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि सारी सुरक्षा त्या एका अडचणीवर उभी आहे.

प्रोग्रामच्या आतूनच जोडी बनवायची असेल, तर जावात 'कीपेअरजनरेटर' हा वर्ग आहे. दोन-तीन ओळींत काम होते. प्रमाणपत्र बनवण्याची सोय मात्र भाषेच्या प्रमाणित संचात अधिकृतपणे नाही. त्यासाठी प्रोग्रामर मंडळी 'बाउन्सी कॅसल' या मुक्त लायब्ररीचा आधार घेतात, किंवा थेट कीटूलकडे वळतात. जाहीर किल्ली, मालकाचे नाव आणि मुदत यांचा मसुदा करायचा, 'एसएचए-२५६'सारख्या पद्धतीने त्याचा गोषवारा काढायचा आणि त्यावर खासगी किल्लीने स्वाक्षरी करायची. प्रमाणपत्र देणारा आणि घेणारा या दोन्ही रकान्यांत एकच नाव येते, म्हणून ते स्वस्वाक्षरित. मुदत वेगळी न सांगितल्यास कीटूल ती ९० दिवसांची धरते.

अशा स्वाक्षरीने दोनच गोष्टी सिद्ध होतात. स्वाक्षरी करणाऱ्याजवळ जोडीतील खासगी किल्ली होती आणि नंतर मसुद्यात फेरफार झालेला नाही. नाव खरे की खोटे, याबद्दल ती मौन बाळगते. सरकारी कचेऱ्यांत अर्जदाराने स्वतः साक्षांकित केलेली प्रत चालू लागली, तरी मूळ कागद कधी ना कधी दाखवावा लागतोच. येथे तपासणीचे साधन म्हणजे प्रमाणपत्राचा ठसा. एसएचए-२५६ने काढलेला हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. तो प्रत्यक्ष भेटीत किंवा ओळखीच्या आवाजात फोनवरून ताडून घेतला, तर स्वस्वाक्षरित प्रमाणपत्रही विश्वासार्ह ठरते. तसे न करता ब्राउझरचा इशारा धुडकावून पुढे जाणे म्हणजे मधे दबा धरून बसलेल्या भामट्याला वाट मोकळी करून देणे. 'लेट्स एन्क्रिप्ट'ने २०१५ पासून संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केल्यानंतर तर सार्वजनिक संकेतस्थळाने स्वस्वाक्षरीवर भागवण्याला सबबही उरलेली नाही.

नावाबद्दलची शंका निदान इशाऱ्याच्या रूपाने समोर येते. किल्लीतील खोट डोळ्यांना दिसत नाही. मूळ संख्या निवडताना कसलाही अंदाज बांधता येणार नाही असे आकडे लागतात, आणि यंत्राला नेमके तेच जड जाते. २००६ मध्ये 'डेबियन' या लिनक्स प्रणालीत 'ओपनएसएसएल' लायब्ररीतील काही मजकूर काढून टाकण्यात आला. दोष शोधणारे एक साधन त्याविषयी कुरकुर करत होते, एवढेच कारण. त्याबरोबर बेभरवशी आकड्यांचा जवळपास सारा पुरवठा गेला. उरला तो चालू प्रक्रियेचा क्रमांक, ज्याला ३२,७६८च्या आसपास मर्यादा होती. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम तेवढ्याच! लुसियानो बेलो यांच्या लक्षात आलेली ही चूक मे २००८ मध्ये जाहीर झाली. तोवर जवळजवळ दोन वर्षे लोक निर्धास्तपणे त्या किल्ल्या वापरत होते.

२०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरील लक्षावधी जाहीर किल्ल्या गोळा केल्या, तेव्हा अनेक किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. मग अवयव पाडण्याची गरजच काय? दोन गुणाकारांचा शाळेत शिकवतात तसा मसावि काढला की दोन्ही कुलपे उघडली. यातील पुष्कळ किल्ल्या राउटर आणि फायरवॉलसारख्या उपकरणांच्या होत्या. अशी उपकरणे पहिल्यांदा चालू होताच किल्ली बनवून स्वतःच्या प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करतात, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ बेभरवशी असे काही साठलेलेच नसते. जावात 'सिक्युअररँडम' आणि नुसता 'रँडम' असे दोन वर्ग आहेत ते याचसाठी. नुसत्या रँडमचे बीज अवघे ४८ बिटांचे. खेळातले फासे टाकायला ते पुरे, किल्लीला मुळीच नाही.

स्वस्वाक्षरी दुय्यम दर्जाचीच असते, असे मात्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये भारतात डिजिटल स्वाक्षरीची प्रमाणपत्रे परवानाधारक संस्था देतात, त्या संस्थांची ग्वाही नियंत्रक देतो, आणि नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र स्वस्वाक्षरितच असते. त्याच्या वर सही करायला कुणी नाही.

अँड्रॉइडच्या ॲपवरही अशीच स्वाक्षरी चालते, कारण तेथे फोन विचारतो तो प्रश्न वेगळा आहे : नवी आवृत्ती जुनीच्याच मालकाकडून आली आहे ना? नाव कुणाचे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणूनच गुगल प्लेने प्रमाणपत्राची मुदत २२ ऑक्टोबर २०३३च्या पुढची असावी, अशी अट घातली. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपची अंतिम किल्ली गुगलच सांभाळते आणि विकासकाकडची अपलोडची किल्ली हरवल्यास बदलून मिळते. प्लेच्या बाहेर ॲप वाटणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांची किल्ली गेली, की नव्या ओळखीने नवे ॲप काढायचे आणि प्रत्येक ग्राहकाला जुने काढून ते बसवायला सांगायचे.