वेळ संपली की रेघ मारा

परीक्षेची प्रश्नपत्रिका बंद पाकिटात मिळते. वर लिहिलेलं असतं: वेळ तीन तास, पुस्तक उघडायचं नाही, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत जमा करा. पाकीट घेऊन विद्यार्थी आपल्या खोलीवर जातो. ते रात्री अकराला फोडायचं की पहाटे चारला, हे त्याचं त्यानं ठरवायचं. पर्यवेक्षक नाही, आणि न उघडायचं पुस्तक हाताशी कपाटातच पडलेलं असतं. तीन तास झाले की उत्तराखाली आडवी रेघ मारायची. रेघेखाली पुढं लिहायची मुभा पुष्कळदा असते, फक्त ते जादा वेळेत सुचलं हे तपासणाऱ्याला कळलं पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावच्या कॅल्टेकमध्ये ही पद्धत अनेक दशकं चालत आली आहे. अमेरिकेत पदवीसाठी सर्वांत घाम काढणारी कॉलेजं कोणती, हा वाद निघाला की शिकागो, एमआयटी, रीड, स्वार्थमोर, हार्वी मड ही नावं येतात, आणि कॅल्टेक त्यात हटकून असतं. मी कौल कॅल्टेकला देईन. प्रवेश अवघड आहे म्हणून नव्हे. शंभर अर्जांतून तीन-चार घेणारी कॉलेजं तिथं आणखीही आहेत. कॅल्टेकची खरी चढण फाटकाच्या आत सुरू होते, आणि ती सगळ्यांना सारखीच चढावी लागते.

संस्था चिमुकली आहे. पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या अकरावी-बारावीतच याहून जास्त मुलं असतील. 1891 साली एमॉस थ्रूप या गृहस्थानं हाताला काम शिकवणारी शाळा म्हणून ती काढली. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल, रसायनज्ञ आर्थर नॉइज आणि भौतिकीचे रॉबर्ट मिलिकन यांनी तिचं रूप पालटलं, आणि 1920 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. थ्रूपच्या नावानं ती चालत होती तेव्हा तिथून शिकून बाहेर पडलेल्यांत फ्रँक काप्राही होता. पुढं हॉलिवूडचा नामांकित दिग्दर्शक झालेल्या या माणसानं 1918 मध्ये तिथं केमिकल इंजिनिअरिंग पुरं केलं.

कष्टांचं मूळ ‘कोअर’ नावाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमात आहे. तुम्हाला अर्थशास्त्र करायचं असो की इतिहास, गणित, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि प्रयोगशाळा यांतून सुटका नाही. उलट, भौतिकीवाल्यालाही मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचे बारा कोर्स करावेच लागतात. पदवीला 486 युनिटं लागतात. एक युनिट म्हणजे आठवड्याला एक तास, आणि त्या तासात वर्ग, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास असं सगळं आलं. चार वर्षांच्या बारा सत्रांत भागलं की आठवड्याला चाळीस तास पडतात. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात नऊ युनिटांचा कोर्स नऊ तासांत आटोपतो यावर तिथल्या मुलांचा फारसा विश्वास नसतो. त्यात सत्र दहा-अकरा आठवड्यांचं. एक आठवडा ताप आला की मागे पडलात.

दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा गृहपाठ असतो. त्याला मुलं नुसतं ‘सेट’ म्हणतात. हे सेट एकट्यानं सुटतील अशा बेतानं बनवलेलेच नसतात. बहुतेक कोर्समध्ये चर्चेला मोकळीक असते, मात्र शेवटचं उत्तर ज्याचं त्यानं, स्वतःला समजलं तेवढंच लिहायचं. शाळेत कायम पहिला आलेला मुलगा पहिल्या काही आठवड्यांत शेजारच्या खोलीचं दार ठोठावायला शिकतो. पहिली दोन सत्रं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच शेरा असतो, तोही या धक्क्याची सवय व्हावी म्हणूनच.

हे सगळं ऑनर कोडवर उभं आहे. नियम एका वाक्याचा: संस्थेतल्या कुणीही दुसऱ्या कुणाचा गैरफायदा घ्यायचा नाही. तक्रार आली तर आधी विद्यार्थ्यांचंच मंडळ चौकशी करतं, आणि त्यांचा भर शिक्षेपेक्षा मिळवलेला फायदा काढून घेण्यावर असतो. कॉपी पकडायला भरारी पथकं धाडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे भाबडेपणाचं वाटेल. पण मला वाटतं, अवघडपणाचा खरा भार इथेच आहे. कुणी बघत नसताना कोऱ्या कागदासमोर तीन तास बसायचं आणि काही सुचलं नाही तरी रेघ मारून पाकीट बंद करायचं, याला पाठांतर कामाला येत नाही.

1961 ते 1963 या काळात तिथले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननं पहिल्या दोन वर्षांच्या मुलांना भौतिकी नव्यानं शिकवायला घेतली. त्या व्याख्यानांची पुस्तकं जगभर गेली. खुद्द फाइनमनला मात्र मुलांच्या परीक्षेचे निकाल पाहून आपला प्रयोग फसल्यासारखा वाटला होता, आणि तसं त्यानं प्रस्तावनेत लिहून ठेवलं. मुलांच्या बाजूनं बोलायचं तर, विषयात मुरलेल्यांनाही ज्यात नवं सापडतं ते अठराव्या वर्षी पहिल्या फटक्यात कसं पचावं?

खेळात यांची दाणादाण ठरलेली. बास्केटबॉलच्या संघानं आपल्या साखळीतले सलग 310 सामने हरून 2011 च्या फेब्रुवारीत ऑक्सिडेंटल कॉलेजला 46-45 असं हरवलं, तेव्हा त्याची राष्ट्रीय बातमी झाली. खोड्यांत मात्र हात धरणारं कुणी नाही. 1961 च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रेक्षकांनी एकत्र उंचावायच्या रंगीत पाट्यांच्या सूचना या मुलांनी आधीच बदलून ठेवल्या, आणि देशभरच्या टीव्हीवर भलत्याच कॉलेजचं नाव झळकलं: कॅल्टेक!

या कौतुकाला दुसरी बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 2009 मध्ये काही महिन्यांत तिथल्या तीन विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्याचं खापर सेटवर फोडणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. पण झोप गमावण्याची फुशारकी मारणाऱ्या वातावरणाकडे त्यानंतर कुणाला डोळेझाक करता आली नसेल. कोअरही हलका होत आला आहे. एके काळी गणित आणि भौतिकीची प्रत्येकी सहा सत्रं सक्तीची होती. त्यांची पाच झाली, आणि 2013 पासून तीन. जुने विद्यार्थी कुरकुरले. मला ही कपात पटते. सक्ती उतरली तरी ज्याला पुढचं हवं आहे, त्याला कुणी अडवत नाही.

प्रवेशाच्या बाबतीतही संस्थेनं आपलाच निर्णय फिरवला आहे. 2020 मध्ये सॅटसारख्या परीक्षांचे गुण बघणं बंद केलं आणि 2024 मध्ये ते पुन्हा मागायला सुरुवात केली.

कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी याच संस्थेत प्राध्यापक. त्यामुळे नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. जेईईची तयारी केलेल्या आपल्याकडच्या मुलाला पहिल्या वर्षाचे विषय ओळखीचे वाटतील. अडेल तो गणिताच्या पहिल्या सत्रात. टॉम अपोस्टल हे तिथलेच प्राध्यापक होते. त्यांचं दोन खंडांचं ‘कॅल्क्युलस’ वर्षानुवर्षं तिथं लावलेलं होतं. त्यात इंटिग्रल काढून दाखवण्याआधी तो अस्तित्वात आहे हे सिद्ध करावं लागतं. दोन मिनिटांत चारपैकी योग्य पर्याय निवडणाऱ्या हाताला तिथं एकेका ओळीचं कारण द्यावं लागतं, आणि त्यासाठी कधी अख्खी संध्याकाळ जाते.