आंतरवासिता श्रेयांक (चित्रपट व दूरचित्रवाणी अभ्यास)

आंतरवासिता श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कार्यस्थळी घेतलेल्या प्रशिक्षणाबद्दल पदवी अभ्यासक्रमात मिळणारे श्रेयांक होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम अपेक्षित असते. पदवीत असे २ ते ४ श्रेयांक, म्हणजे ६० ते १२० तास, धरले जातात. चित्रपट व दूरचित्रवाणीच्या अभ्यासात संकलन, ध्वनिमुद्रण, छायालेखन आदी कामे यासाठी करता येतात. हा व्यवसाय मुख्यतः मुंबईत एकवटल्यामुळे वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावच्या विद्यार्थ्यास निवास-प्रवासाचा खर्चही पाहावा लागतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाव झळकले, तरी श्रेयांक आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी महाविद्यालयाची पूर्वसंमती, तासांची नोंदवही, अहवाल व निर्मितिसंस्थेचे प्रमाणपत्र यांची तजवीज काम सुरू होण्यापूर्वीच करणे हितावह ठरते.